ना हरकत

रास अल खैमाच्या खाडीला भरती लागली
की चौदा नंबरच्या टॉवरचा गंज ओला होतो.
बेचाळीस वर्षांची लाईन.
पहाटेच्या दवात इन्सुलेटरवरचं मीठ
तडतडतं, फोडणीत मोहरी पडावी तसं.

नवी ओढायची, तर फाईल माझ्याकडे.
बंदर खातं विचारतं, डोलकाठीची उंची किती धरलीत?
पर्यावरणवाले विचारतात, तिवरं किती तुटणार,
रोहित पक्षी नेमके कुठे उतरतात?
नगरपालिका परत पाठवते,
शिक्का तिरका पडलाय.

शरफुद्दीन सर्गुरोह, मूळचे दाभोळचे,
निवृत्तीला सात महिने.
पहिली तार यांनीच नेली होती पलीकडे,
होडीतून, दोर कमरेला बांधून.
"तेव्हा परवानगी कोणाची घेतलीत, चाचा?"
"कोणाची रे? एक म्हातारा जाळं सुकवत होता.
खुणेनं विचारलं, इथून नेऊ?
त्यानं चहा दिला."

हे फाईलला जोडता येत नाही.

आज सातवं ना-हरकत आलं, एकवीस अटींसकट.
आठवं मच्छीमार संघाचं.
तिथला सेक्रेटरी खलफान, पोरगेलासा,
नकाशा उलटा धरून बघतो, मग सुलटा, मग बाजूला ठेवतो.
"शमाल सुटायच्या आधी ही तार गुणगुणते.
आजोबा ते ऐकून होड्या ओढून घ्यायचे.
नवी गुणगुणेल?"

मी अर्ज चाळतो. असा रकाना नाही.

चाचा मोडक्या अरबीत सांगतात,
"ताण नीट बसला, तर गुणगुणेल.
बसवायला मी आहे.
सात महिने."

खलफान आत वळून
चहा सांगतो.