बावीस तारखेचा नाताळ

यंदा गॅनेट कोव्हच्या वाट्याला नाताळ
बावीस तारखेलाच आला.
पाद्रीबाई एक, देवळं चार, मधे बर्फाळ खाडी;
देवालाही वेळापत्रक पाळावं लागतं.

बॉयलर नोव्हेंबरातच बसला होता.
अंगातले कोट न काढता गायलो आम्ही,
शब्दाच्या आधी वाफ बाहेर पडायची.
गोठ्यातला तिसरा राजा सापडेना.
त्याच्या जागी जाळ्याचा लाल बोया उभा केला,
कुणी हसलं नाही.
मग पाद्रीबाई चाकांना साखळ्या घालून
पुढच्या गावाला गेल्या.

चोवीसच्या रात्री मी निघालो
नळ गोठलेत का ते बघायला.
एवढंच.
किल्ली काढली, तर दार नुसतंच लोटलेलं.
आत हेडली पार्डी, घंटेखाली:
"दोर आखडलाय का बघत होतो."
मागून एफी आली, हातमोजा विसरला म्हणून,
दोन्ही हातांत मोजे घालून.
आणि स्नूकांची थोरली,
जी ऑगस्टात नवऱ्याची बोट रिकामी परतल्यापासून
इकडे फिरकली नव्हती.
तिनं काही कारण सांगितलं नाही.
तिच्याकडे थर्मास होता.

नळ ठीक होते.
प्रार्थना कुणी म्हटली नाही,
तो आमचा अधिकार नव्हे.
चहा तेवढा फिरला,
एकाच झाकणातून, हातोहात,
आणि प्रत्येकानं पिऊन झाल्यावर
कड पुसून पुढे दिली.

मध्यरात्री हेडली उठला.
म्हणाला, दोर परत एकदा तपासतो.

बारा वेळा तपासला.