मागची काच

मे महिन्यात, दुपारी अडीचच्या सुमारास
आमच्या पद्मिनीची मागची काच आपोआप फुटली.
दगड नाही, चेंडू नाही,
तारेवर कावळासुद्धा नव्हता.
अशोक चौकातून आत वळलं की तिसरा बोळ,
तिथं त्रेचाळीस अंशांत गाडी उभी,
आणि गोणीभर खडीसाखर ओतावी तसा
एकदाच आवाज.

अण्णांना हे पटलं नाही.
बनियनवरच सात दारांच्या कड्या वाजवल्या,
पोरांचे खिसे तपासले,
येमूलकाकूंना झोपेतून उठवून साक्ष घेतली.
शेवटी उन्हाकडे डोळे बारीक करून म्हणाले,
"तरी कुणीतरी असणारच की."

अठ्ठ्याऐंशीचं मॉडेल.
सुट्या भागांच्या दुकानात माणसं आधी हसतात,
मग चहा विचारतात, काच नाही म्हणतात.
चार दिवस मागं चादर बांधून हिंडलो,
आमच्याच मागावरची, मोरांची,
किनारीला एक धागा चुकलेला
म्हणून विकली न गेलेली.
वेग घेतला की मोर फुगायचे.
होटगी रोडला एक रिक्षावाला ओरडला,
"अण्णा, गाडी चालवताय का पतंग?"

पाचव्या दिवशी मौलाली नदाफ आला,
भंगारातली काच वाकळेत गुंडाळून,
रिक्षात शेजारी बसवून.
तिचं वेगळं भाडं दिलं नाही म्हणाला.

आधी त्यानं जुनं रबर गरम पाण्यात घातलं.
त्याच्या खाचेतून सीटभर तुकडे सांडले,
ते मी सुपानं भरले.
मग रबर काचेला चढवलं, साबणाचं पाणी लावलं, म्हणाला,
"दोरी पाहिजे. बारीक. पण तुटायची नाही अशी."

अण्णा आत गेले, बराच वेळ आलेच नाहीत.
आले ते जकार्डची दोरी घेऊन.
माग किलोवर गेला, ही कशी राहिली
मी विचारलं नाही.
"वीस वर्षं हिनं मोर उचललेत,"
एवढंच मौलालीला सांगितलं.
त्यानं ती दोन बोटांत ताणून पाहिली, मान हलवली,
रबराच्या खाचेत गोल फिरवून
दोन्ही टोकं आत सोडली.

मी मागच्या सीटवर, गुडघ्यांवर.
तो बाहेर, तळहातानं काच थोपटत.
मी दोरी ओढायची,
की रबराचा ओठ पत्र्यावरून बोटभर आत यायचा.
"घाई नको ताई. कोपऱ्यावर दमानं."
अण्णा गाडीभोवती फिरत होते,
दोघांनाही उलटंसुलटं सांगत.
वरचा डावा कोपरा तीनदा निसटला.
चौथ्यांदा बसला तेव्हा
आतला आवाज एकदम बदलला,
बोळ दूर गेल्यासारखा झाला.
माझ्या हातात
साबणानं भिजलेली दोरी राहिली.

संध्याकाळी ऊन तिरपं झालं
आणि काचेवर अक्षरं उमटली.
स्टिकर कधीचा निघालेला,
नुसती त्याची सावली उरलेली:
*रिंकू आणि*
पुढचं कुणीतरी ब्लेडनं खरवडलेलं,
नीट, बारकाईनं, शेवटच्या मात्रेपर्यंत.

मौलाली म्हणाला, "रॉकेलनं जाईल हे पण."
"उद्या बघू," अण्णा म्हणाले.
त्या उद्याला आता वर्ष होत आलं.

सकाळी काहीच दिसत नाही.
पण संध्याकाळी हैदराबाद रोडला लागलो
की सूर्य पाठीमागं येतो,
आणि आतून उलटी दिसणारी ती अक्षरं
आरशात सरळ होतात.
अण्णा गाडी हळू करतात.
"रिंकू आणि..." मोठ्यानं वाचतात.
कधी "बबलू" म्हणून बघतात, कधी "सुनंदा",
एकदा, मला वाटतं, आईचं नाव म्हणाले,
पण ट्रक शेजारून गेला.

परवा सिग्नल हिरवा झाला, हे जागचे हलेनात.
मागं हॉर्नांचा नुसता कल्ला.
अण्णा आरशातच बघत होते.
"थांब बे," म्हणाले,
"नाव आठवू दे."