डावीकडून तिसरी पट्टी

सुपारी आता फोनवरच येते.
आधी विचारायचे, माणसं किती?
आता विचारतात, टॉप किती, बेस किती?
मी म्हणतो, सात माणसं.
पलीकडं थोडा वेळ काहीच वाजत नाही.

एकवीस होतो आम्ही.
मानवतला, जिनिंगच्या मागं, पत्र्याच्या खोलीत
एकवीस खुंट्या, एकवीस लाल कोट,
खांद्यावर सोनेरी गोंडे
अन् काखेत सगळ्यांच्या एकाच घामाचे नकाशे.
आता खुंट्यांवर वायरी लोंबतात.

नवीन गाणं बसवायला तीन रात्री लागायच्या.
टेप मागं-पुढं, मागं-पुढं,
चुकलं की ग्यानबा मास्तर क्लॅरनेटनंच हाणायचा डोक्यात.
आता गाणं सकाळी निघतं, संध्याकाळी वरातीत मागतात.
फोन ते हळू करून देतो, सूर न उतरवता,
दहादा चुकलो तरी अकराव्यांदा तसंच ऐकवतो.
खोटं कशाला बोलू,
मास्तरपेक्षा फोन बरा.

जेवायला आम्हाला मांडवामागं बसवायचे, जनरेटरजवळ.
वाढणारा हात वरूनच सोडायचा वरण,
पत्रावळीत कमी, मांडीवर जास्त.
परवा नवरदेवाचा भाऊ स्वतः पाण्याची बाटली घेऊन आला.
मास्तर, जरा इकडं बघा, म्हणाला,
अन् फोन धरला.
मी बघितलं.
गोंडाही नीट केला.

लिंबाजी वायदंडे इफोनियम वाजवायचा.
त्याचे गाल फुगले की लेकरं हसायची,
म्हणून तो थोडे जास्तच फुगवायचा.
छातीनं दगा दिला तव्हापासून घरीच होता,
पण त्याचा तुकडा फुंकून ग्रुपवर पाठवायचा, रात्री-बेरात्री.
खाली लिहायचा: खाजामियाँ, ठेका पळवू नको.
आखाडात गेला.

त्याची पोरगी, पौर्णिमा, कीबोर्डवर बसली.
पोरगी वरातीत वाजवणार, म्हणून भावकीनं तोंडं वळवली.
पहिल्या परण्याला मारोतीच्या पारावर
बायका आल्या, उभ्या राहिल्या,
नवरदेव पाया पडून निघून गेला
तरी उभ्याच.

तिनं बापाचे सगळे तुकडे कापले,
एकेक सूर एकेका पट्टीवर ठेवला.
परभणीचा पोरगा म्हणाला, सुराआधी खरखर आहे,
काढून टाकू, साफ होईल.
खरखर म्हणजे लिंबाजी श्वास घेतो ती.
काढली.
सगळ्या पट्ट्यांवरची काढली,
डावीकडून तिसरी सोडून.

ती पट्टी दाबली की आधी माणूस दम घेतो,
मग सूर येतो, उशिरा.
म्हणून पौर्णिमा ठेक्याच्या जरा आधी दाबते.
खाजामियाँ काठ्या वर धरून थांबतो.
माझीही छाती आपोआप भरते,
माझा सूर नसला तरी.
नाचणाऱ्या पोरांना काही कळत नाही,
त्यांना वाटतं, बेस येतोय.

पाथरीच्या वरातीनंतर हिशेबाला बसलो,
पेट्रोल पंपाच्या उजेडात.
खाजामियाँनं नोटांचे सात ढीग केले.
पौर्णिमानं आपला उचलला, मोजला,
अन् म्हणाली,
काका, बाबाचा?

कुणी बोललं नाही.
मेलेल्या माणसाला वाटा द्यायची रीत नाही बँडमध्ये,
पण मेलेला माणूस वाजवतो
अशीही रीत नव्हती.
इरफान म्हणाला, मशीन आहे ते.
दशरथ म्हणाला, मशीन दम घेतंय का?

खाजामियाँनं सगळे ढीग पुन्हा एक केले.
थुंकी लावून आठ पाडले.
आठवा रबरात गुंडाळून पौर्णिमाच्या हातात दिला:
कीबोर्डाचा हप्ता राहिलाय ना?
भरू दे त्यालाच.
जित्तेपणी एक उधारी फेडली नाही त्यानं.