अंदाजे रीडिंग

एकतीस वर्षं मी लोकांच्या भिंतींवरचे आकडे वाचले.
नंदानगर, पाटणीपुरा, मग बदली होऊन सुदामानगर.
खांद्याला पिशवी, कानावर पेन्सिल,
आणि मीटरच्या पेटीचं झाकण उघडण्याआधी
एक फुंकर.
ती कुणा साहेबाने शिकवली नाही.
कुंभारणीने शिकवली.

ती उगाच चावत नाही, हे आधी सांगतो.
गांधीलमाश्यांचं वेगळं. तिथे राणी, तिथे पहारा,
एकीला डिवचलं की सगळी आळी धावून येते.
हिची आळी नाही.
पाळी बदलायला दुसरी कुणी नाही.
दोऱ्याएवढी कंबर, तिच्यावर सगळा संसार.

इंदूरला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड.
नळाखालच्या ओलीत बसून
ती मटाराएवढा गोळा वळते
आणि आमच्या खात्याच्या लोखंडावर थापते,
थापताना गुणगुणते. खरंच, कान लावून ऐकलंय.
मग खोलीत कोळी भरते,
जिवंत, पण पाय न हलणारे.
एकावर अंडं. दार लिंपलं. पुढची खोली.
स्वतः बडीशेपेच्या फुलावर मध चाखून राहते,
मांस फक्त पोरांच्या डब्यात.

अशा किती होत्या माझ्या हद्दीत!
मोरपंखी एक, गटाराच्या जाळीपाशी,
झुरळाला मिशी धरून न्यायची
जशी दाव्याने गाय.
झुरळ चालायचं. मुकाट.
शेणखतात शिरणारी काळी, केसाळ,
जमिनीखाली हुमणी हुडकणारी;
सोयाबीनवाला तिला ओळखत नाही,
पंप पाठीला लावून तिच्यावरच फवारतो.
तुळशीच्या काडीला बोराएवढं सुगड,
आत धाग्याला टांगलेलं अंडं
आणि खाली सुरवंटांचं वाण.
कृषी महाविद्यालयातल्या ढवळीकरांकडे
सगळ्या टाचणीवर होत्या.
म्हणाले, हजारो जाती, बर्फाची टोकं सोडली
तर पृथ्वीभर.
मी म्हटलं, साहेब, मीटर कुठे आहे?

आजोळी सांगायचे, ती अळीला कोंडते,
कानात जप करते,
आणि अळीचीच कुंभारीण होते.
ढवळीकर म्हणाले, होत नाही हो.
अळी खाल्ली जाते.
दोन्ही ऐकून मी रजिस्टर उघडलं.

नंदानगरात धुमाळबाईंनी पेटीवर हात ठेवला.
उघडू नका भैया. हिने घर केलंय.
हिने घर केलं की पाळणा हलतो.
सून दिसली नाही.
आत कुणीतरी नळ बंद केला, एवढंच.
झाकण ओढलं असतं तर सात खोल्या फुटल्या असत्या.
मी लिहिलं: दार बंद. अंदाजे ६०.
पुढच्या महिन्यातही: अंदाजे ६०.
वरून कागद आला,
दार बंद होतं, की डोळे?

तिसऱ्या महिन्यात मातीला सहा भोकं,
गोल, पेन्सिल फिरवल्यासारखी.
सातवं माझ्यासमोर पडलं.
बाहेर आली ती कुंभारीण नव्हती,
हिरवी-निळी, लखलखीत, भलतीच.
या घर बांधत नाहीत. दुसरीचं दार उघडं दिसलं
की अंडं टाकून जातात.
त्या खोलीतलं पोर गेलं होतं.
बाईंना मी ते सांगितलं नाही.

झाकण उघडलं. जाळीचा धूसर चिकटपणा,
मागे चक्र फिरतंय.
हिशोब केला तर तीन महिन्यांचे दोनशे अकरा.
त्या घरात दोन बल्ब, एक पंखा,
नवीन काही घेतलेलं नाही.
म्हणजे कुठल्यातरी खोलीत
दिवा रात्रभर जळत होता.
कशासाठी, ते आकड्यात येत नाही,
आणि विचारणं माझं काम नव्हतं.

म्हटलं, बाई, फरक भरावा लागेल.
त्या मातीकडे बघत म्हणाल्या,
भरू.