हातचे एकोणीस

आधी यंत्राला हवा सांगावी लागते.
पारा चौतीस, आर्द्रता सत्तर, दाब हजार सहा.
कुंडईच्या या शेडमध्ये मे महिन्यात
हवा अशी नसतेच.
असतं ते निम्मं पाणी
आणि मागच्या काजू कारखान्यातून येणारा
टरफलांच्या तेलाचा कडवट धूर.

गाडी रोलरवर चढवली.
पुतू गांवकरने चारी पट्टे आवळले,
एकेकावर गुडघा टेकून पाहिला.
पंखा लावला. सायलेन्सरला नळी जोडली.
आता ही दोनशेच्या वेगाने धावेल
आणि इथल्या इथेच राहील.
नाकासमोर तीच भिंत,
त्याच भिंतीवर पतपेढीचं गेल्या वर्षाचं कॅलेंडर.

मालक रेमिजियो, माजोर्ड्याचा. तारवटी.
वर्षातले नऊ महिने बोटीच्या किचनात,
आधी भांडी, मग भाज्या, आता मासे.
रजा एकेचाळीस दिवसांची, त्यातले सहा संपले.
त्याला अडीचशे हॉर्सपॉवर हवेत.
बोटीवर सगळ्यांना हा आकडा
त्याने आधीच सांगून टाकलाय.

टर्बो काय करतो ते मी गिऱ्हाइकाला समजावत बसत नाही.
पण मला अजून नवल वाटतं त्या लोखंडी गोगलगाईचं.
टाकलेल्या श्वासावर गरगरायचं
आणि पुढचा श्वास दाटून भरायचा.
उच्छ्वासालाही मजुरी करायला लावायची.

पहिली खेच. दोनशे बारा.
लॅपटॉपवरच्या तक्त्यात एक चौकोन बदलते, शेजारचे दोन.
दुसरी. दोनशे सव्वीस.
बूस्ट वाढवते, केसभर.
तिसरी.
दोनशे त्रेचाळीस!
रेमिजियो शिट्टी मारतो.
रेघ चढलेली, कुठे खाचखळगा नाही,
लाल खूण एकही नाही.

पुतूने बोट वर केलं.

त्याच्या कानांवर जुनी कर्णकवचं,
त्यांतून निघालेली तांब्याची नळी
थेट ब्लॉकवर बोल्टने आवळलेली.
एकवीस वर्षं सावर्ड्याला
त्याने खाणीच्या टिपरांचे टर्बो उघडले.
माणसांचं बोलणं आता त्याला धड ऐकू येत नाही.
टीव्ही चालू आहे का, बायकोला विचारतो.
खाणी बंद पडल्या तेव्हा माझ्याकडे आला.
काय काम करशील, म्हटलं.
म्हणाला, आयकतां.

"चार हजार आठशेक," पुतू म्हणाला,
"बियो भाजतात."

भट्टीतली काजूबी तडकायच्या आधी
बारीक टिकटिकते, ती.
सेन्सरला तो नुसता गोंगाट वाटला.
मी पुन्हा खेचली, जिवाचा कान केला,
मला पंखाच ऐकू आला.

ठिणगी दोन अंश मागे घेतली.
बूस्ट होता तिथे आणला.
रेघेचा माथा बसला.
दोनशे एकतीस.
पुतूने कान मोकळे केले. "पुरो."

पगाराच्या चिठ्ठीतली कपात बघावी
तसा रेमिजियो कागद बघत राहिला.
"एकोणीस खंय गेले?"

शाळेत बेरीज करताना हातचा राखायचो,
तो कुठे जातो? पुढच्या घरात.
एखाद्या दुपारी तू अनमोडचा घाट चढशील,
गाडीत चार मित्र, एसी फुल,
पेट्रोल कुठल्या कोण पंपाचं,
तेव्हा लागतील.
हे सगळं मी मनात म्हणाले.
तोंडाने फक्त, "पुतू, पट्टे सोड."

पण पुतूने आपली कर्णकवचं त्याच्या डोक्यावर चढवली.
गाडी आयडलवर.
रेमिजियोने डोळे मिटले, बराच वेळ उघडले नाहीत.
"माझ्या बंकाखाली असंच," तो म्हणाला,
"हे ऐकलं की झोप येते."

पैसे मोजून दिले. कागद सीटवर टाकला, पालथा.
फाटकाजवळच्या गतिरोधकावरून गाडी
भरली घागर न्यावी तशी नेली.

बाहेर थोडं वारं सुटलं होतं,
पारा एखाद्या अंशाने उतरला असेल.
यंत्राला सांगायचं राहून गेलं.