मोहाखाली

झिंगरू कुमऱ्याच्या टाचेची जखम धुताना
सालोमीबाई नाकाला पदर लावत नाही.
कोमट पाणी, मीठ,
जुन्या लुगड्याची पट्टी.

कुडापलीकडून गिरजी म्हणते,
"लय पुन्य जमा केलं वं तुनं."

"जमा कायचं?
माझं त त्यानं कवाच धुतलं, फुकट.
चैतात पहाटे मोहाखाली जातो आपण,
झाड हलवते का कोणी?
रातभर पडूनच रायते.
टोपली भरली, का येता येता
ज्याले चालता येत नाही
त्याच्या ओट्यावर ओंजळभर टाकतोच ना.
त्याचं का पुन्य मोजा लागते?"

गाठ सैल बसते.
सोडून पुन्हा बांधते.

झिंगरू कुरकुरतो,
"आज पाणी थंडच होतं."

"हो बाबा,"
म्हणते ती,
आणि उद्याची काटकी
आजच चुलीपाशी ठेवते.