हिवाळी हंगामाची वही

मार्च संपत आला की हिरोसाकीत
छपरांवरून बर्फाच्या ढेपा धप्पकन खाली येतात
आणि मालिकाही एकेक करून संपतात,
बाराव्या भागाला, कधी तेराव्या.
मग मी दुकानाची पाटी उलटी करतो,
कात्र्या जंतुनाशकात बुडवतो
आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतःच बसून
वही उघडतो.

या वेळी अकरा पाहिल्या.
एकसष्टाव्या वर्षी कार्टून शोभतं का, असं
मासळीवाला कुदो विचारतो. शोभत नाही.
पण तोही दर मंगळवारी दाढीच्या निमित्ताने
निकाल लागला का, म्हणून डोकावतोच.

पहिला नंबर: दीपगृहाच्या रखवालदारणीची गोष्ट.
तिच्यात काहीच घडत नाही,
आणि ते न घडणं इतकं नीट रंगवलंय
की सातव्या भागात ती किटली उतरवते
तेव्हा माझाच हात भाजला.

दुसरी कोणती, यावर कुदोचं नि माझं वाजलं.
तो म्हणतो, लोखंडी राक्षसांची.
मी म्हटलं, राक्षस ठीक आहेत,
पण त्यांच्या पोटात बसलेली पोरं
चार-चार भाग नुसती ओरडतात.
तो संवाद नाही, लिलाव आहे.
(तो स्वतः लिलावात ओरडतो. दोन दिवस आला नाही.)

शाळेच्या टेबल टेनिस संघाची: सुरुवात झकास,
मग एकाच सामन्याचं गुऱ्हाळ.
चेंडू एका शुक्रवारी उडाला
तो पुढच्या शुक्रवारी खाली आला.
मेलेला हिशेबनीस दुसऱ्या जगात राजा होतो, तीही पाहिली:
आमटीत पाणी, वर आणखी पाणी,
पण त्यातल्या लेखनिक बेडकासाठी
शेवटपर्यंत बसलो.
आणि न्हाव्याला केस दिसतात, काय करणार,
त्या राजकन्येची बट वाऱ्याच्या उलट उडते,
तिसऱ्या भागात भांग डावीकडचा उजवीकडे जातो.
अर्धा गुण कापला.
कापणं हाच माझा धंदा.

राहिली आकाशातल्या टपालखात्याची.
वहीत तिच्यासमोरची जागा तीन रात्री कोरी होती.
गोष्ट भरकटलेली, पात्रं लाकडी,
आठव्या भागात तर तोंडं आधी हलतात, शब्द मागून येतात.
सरळ सरळ पाट्या टाकलेल्या.
शेवटच्या नामावलीत, पार्श्वभूमी रंगवणाऱ्यांच्या रांगेत,
उजवीकडून चौथं नाव: चिनात्सु नारिता.
दीड सेकंद टिकतं.
मी थांबवून पाहतो, म्हणजे हवं तितका वेळ टिकतं.

पोटच्या पोरीला शेवटचा नंबर कसा द्यायचा?
आणि नाही दिला,
तर दीपगृहवालीच्या पहिल्याला काय किंमत?
युकिएने विणकामातून मान न काढता विचारलं,
"शेजारच्यांची पोर असती तर?"
मी लिहिलं. अकरा. पेन दाबून.

रविवारी तोक्योहून फोन.
कुदोने चहाडी केली होती.
"बरोबर दिलायस," चिनात्सु म्हणाली.
"आठवा भाग आम्ही चार रात्रींत काढला, बाबा.
टेबलाखाली पाळीपाळीने झोपायचो,
उशाला कागदांचा गठ्ठा."
मग काहीतरी कुरकुरीत खात खात,
"नवव्यातला बसथांबा पाहिलास?"

पाहिला होता. ओळखला नव्हता.
पुन्हा लावला.
टपाल्या पळत निघून जातो, मागे चार सेकंद
टिनाचं छप्पर, एक पाय खचलेला बाक,
त्या पायाखाली सरकवलेली वीट,
आणि बर्फात कुणीतरी विसरलेलं निळं फावडं.
वीट मी ठेवली होती.
दुसरीत होती ती, बाक डुलतो म्हणून रडायची.

नंबर बदलला नाही.
एका थांब्याने गोष्ट सुधारत नसते.
फक्त समासात, जिथे एरवी मी
शाम्पूच्या बाटल्या मोजतो,
लिहिलं: नववा भाग, अकरा मिनिटं, वीस सेकंद.

आज कुदो आला. तोंडभर फेस घेऊन म्हणाला,
लोखंडी राक्षस पाचवे, हा धडधडीत अन्याय आहे,
आणि एप्रिलपासून नव्या चौदा सुरू होतायत.
मी म्हटलं, हनुवटी वर कर.